फक्त निरोगी पाहुण्यांसाठी

९ मार्च

शाळा सुटून दोन वर्षं झाली, पण सकाळी साडेनऊ वाजले की हात अजून खडू शोधतो. कपाटात कोऱ्या वह्या पडून होत्या, त्यातली ही एक काढली. निमित्तही आहे. काल डॉक्टरांनी आम्हा दहा-बारा जणांना दवाखान्यात बोलावलं होतं. एप्रिलपासून आगबोट आठवड्यातून तीनदा आपल्या धक्क्याला लागणार. आतापर्यंत ती लांबूनच धूर सोडत पुढे जायची. डॉक्टरांचं म्हणणं असं की शहरातल्या कोंदट हवेने आजारलेल्यांना समुद्राची हवा हे औषध आहे. ते ती विकत घ्यायला येतील, आपण फक्त राहायची सोय करायची.

मला हसू आलं. हवा विकायची! पण घरी येताना डोक्यात तेच. मुलीचं लग्न झाल्यापासून वरच्या दोन खोल्या बंदच आहेत. चार शिकलेली माणसं येतील, त्यांच्याशी बोलता येईल. गावात माझ्याशी बोलतात ते अर्ज लिहून हवा असला की.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "बघा. तुम्हाला बरं वाटणार असेल तर करू." एवढंच म्हणाली, आणि तांदूळ निवडायला घेतले.

१७ मार्च

गवंडी आला आहे. आमच्या गावातल्या एकूण एक घराची पाठ समुद्राकडे आहे. बसणं-उठणं रस्त्याच्या बाजूला. मागे न्हाणीघर, मोरी आणि सांडपाण्याची वाट. समुद्र ही पोटापाण्याची जागा. तिच्याकडे कुणी मुद्दाम बघत बसत नाही. आता वरच्या मोठ्या खोलीची मागची भिंत फोडून तिथे खिडकी करायची आहे. गवंड्याने तीनदा विचारलं, नक्की याच बाजूला ना?

शेजारची जाळेवाली दारात बसून हा तमाशा बघत होती. बाई फाटकी जाळी विणून देते आणि जिभेने माणसं उसवते. म्हणाली, समुद्र बघायला माणसं येणार असतील तर मास्तर, माझा उकिरडाही दाखवा, मीही खिडकी पाडते.

हिचं म्हणणं वेगळं. खारं वारं आत आलं की लोखंडाची खाट गंजेल आणि गादीला ओल येईल. बरोबरच आहे. पण आता भिंत पडली.

२ एप्रिल

गावाचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस बसलो. असं मन लावून बऱ्याच वर्षांत काही लिहिलं नव्हतं. "येथील वारा लाटांवरून गाळून येतो" हे वाक्य सुचलं तेव्हा मी उठून येरझाऱ्याच घातल्या.

डॉक्टरांनी दोन दुरुस्त्या केल्या. 'क्षय' हा शब्द खोडला; त्याऐवजी 'छातीचा अशक्तपणा'. आणि शेवटी एक वाक्य घालायला लावलं: "आजवर येथे एकही पाहुणा दगावलेला नाही." मी म्हटलं, आजवर एकही पाहुणा आलेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच तर ते शंभर टक्के खरं आहे.

१५ एप्रिल

काल पहिली आगबोट लागली. अख्खं गाव धक्क्यावर. आम्हाला वाटलं होतं, छत्र्या, टोप्या, हसरी माणसं उतरतील. उतरले ते सात जण. दोघांना धरून उतरवावं लागलं, एकीला खुर्चीत बसवून. टाळ्या वाजवायच्या असं ठरलं होतं, कुणी वाजवल्या नाहीत. तेवढ्या शांततेत एकाचा खोकला मात्र लांबपर्यंत ऐकू गेला.

आमच्या वाट्याला कापडाचे एक व्यापारी आले. पोटाचा विकार. आज सकाळी उठल्या उठल्या तक्रार: हा आवाज बंद होत नाही का? मी विचारलं, कुठला? ते म्हणाले, लाटांचा. मी सांगितलं की गेली काही लाख वर्षं तरी झालेला नाही. त्यांना ते विनोदाने घेता आलं नाही.

४ मे

थकवा. शाळेत साठ पोरं सांभाळली, पण दोन पाहुण्यांनी मी जेरीस आलो आहे. एकाला दूध गरम हवं, दुसऱ्याला कोमट. पाणी दोन जिने चढवायचं. (चढवते ही, पण हिशेब माझ्या डोक्यात असतो.) चादरी रोज उकळायच्या. डॉक्टरांची तशी सक्तीच आहे.

डॉक्टरांचा दुसरा नियम म्हणजे सकाळी समुद्रात तीन बुड्या, चौथी नाही. पाहुण्यांना पाण्याची भीती, म्हणून धरायला गावातली माणसं लागतात. बायकांना धरायचं काम जाळेवालीला मिळालं. एका हाताने कंबर धरते, दुसऱ्याने मान, आणि विचारायच्या आत बुडवून काढते. परवा एक बाई किंचाळल्या तेव्हा म्हणाली, अहो, मासे यात जन्मभर राहतात, तुम्ही एक घटका राहा.

तीस वर्षं जिची जीभ गाव टाळत आलं, तिच्याकडे आता शहरच्या बायका आधी सांगून वेळ घेतात.

२३ मे

मोठ्या खोलीत नवे पाहुणे आले. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढतात. वय तिशीचं, अंगाने काडी. आले तेच बुद्धिबळाचा पट घेऊन. काल माझा वजीर सातव्या चालीत मारला. किती वर्षांनी कुणीतरी मला हरवलं!

१९ जून

नकाशेवाला खरोखर बोलण्यासारखा माणूस आहे. काल त्याने सांगितलं की किनाऱ्याची लांबी कुणालाच अचूक मोजता येत नाही. जितकी बारीक पट्टी लावावी तितका किनारा लांबत जातो. मी दिवसभर तेच डोक्यात घेऊन फिरलो. हिला सांगायला गेलो, तर ही त्याच्या थुंकीचं भांडं राखेने घासत होती. म्हणाली, आधी हात धुऊ द्या मला.

त्याला दुपारी ताप असतो. ही कढण करून वर नेते आणि बराच वेळ बसते. त्याची आई लहानपणीच गेली, असं त्याने हिला सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही किनाऱ्यांबद्दल बोलतो.

११ जुलै

नकाशेवाला खाली उतरत नाही. पट वर नेला. डाव अर्धा राहिला. त्याची चाल होती.

३० जुलै

ही दिवसातून दहा-बारा वेळा जिना चढते. मी म्हटलं, बाई ठेवू मदतीला. ही म्हणाली, बाईला त्याच्याजवळ कुणी पाठवेल का? हे मला सुचलं नव्हतं.

८ ऑगस्ट

आज डॉक्टर आले. त्याला तपासून खाली आले आणि माझ्याजवळ बसले. म्हणाले, आठवडासुद्धा नाही. मग म्हणाले, खाडीपलीकडच्या गावात त्यांच्या ओळखीचं घर आहे, तिथे हलवू या. हवा तिकडची बरी.

मला कळायला वेळ लागला. अजून अडीच महिने बोटी यायच्या आहेत आणि चाळीस घरांनी भिंती फोडल्या आहेत. मी मान डोलावली.

ही दाराशी उभी होती. म्हणाली, "मरणाऱ्या माणसाला होडीत घालणार तुम्ही?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. ते वाईट माणूस नाहीत. गेले दोन महिने त्यांना नीट झोप नाही, डोळे खोल गेलेत. मी हिला समजावलं की गावाचा प्रश्न आहे. ही आत गेली आणि पिशवी भरू लागली. त्याची नाही, स्वतःची.

१३ ऑगस्ट

ही काल परत आली. नकाशेवाला परवा सकाळी गेला. शेवटचे तीन दिवस ही त्याच्याजवळ होती. होडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, असं नावाडी सांगत होता.

मी विचारलं, काही बोलला का? ही म्हणाली, "तुमच्या डावातली चाल सांगून गेला. घोडा उचला म्हणाला. कुठे ते मला नाही लक्षात राहिलं."

पट इतके दिवस तसाच ठेवला होता. आज आवरला.

२ सप्टेंबर

पत्रक संपलं, पुन्हा छापायचं आहे. छापखानेवाल्याने विचारलं, मजकुरात काही बदल? मी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. तसं पाहिलं तर ते अजून खरं आहे. तो आपल्या गावात गेला नाही. आहे तसं राहू द्या म्हणालो. घरी येईपर्यंत जेवणाची वासनाच गेली होती. ऊनही फार होतं.

२० सप्टेंबर

ही रुसली आहे, असं माझं मत झालं आहे. नकाशेवाल्याच्या प्रकरणापासून. आठ दिवसांपूर्वी हिने आपलं अंथरूण कोठीच्या खोलीत नेलं. कारण विचारलं तर म्हणे, तुम्ही घोरता. तीस वर्षांनी शोध लागला! स्वतःचा कप वेगळा केला आहे, कानाला निळा दोरा बांधून. जेवायला माझ्यासोबत बसत नाही. आधी तुम्ही जेवा म्हणते आणि नंतर स्वयंपाकघरात एकटी जेवते.

असेल राग तर बोलावं माणसाने. मीही बोलत नाही.

६ ऑक्टोबर

मुलीचं पत्र. बाळ सात महिन्यांचं झालं. तिच्या हाती माझं पत्रक पडलं (जावयांनी कचेरीतून आणलं म्हणे) आणि वाचून तिला आमचा अभिमान वाटला. बाळाला घेऊन महिनाभर येते म्हणते, त्यालाही "लाटांवरून गाळलेला वारा" मिळू दे. मला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

ही म्हणाली, नको. रंगकाम काढायचं आहे, घरभर धूळ होईल.

रंगकामाचं मी आज पहिल्यांदाच ऐकत होतो. मी बराच बोललो. आपल्याच नातवाला येऊ नको म्हणणारी आजी मी पाहिली नाही, असंही बोललो. बोलायला नको होतं. हिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात ठसका आला आणि मागच्या दारी गेली.

हिनेच मुलीला उत्तर पाठवलं.

२५ ऑक्टोबर

शेवटची बोट गेली. गादी वाळत घातली. खाट गंजली आहे, ही म्हणाली होती तसंच.

१२ डिसेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं? वारा, आणि दारं आपटणं. ही कपडे पिळताना मध्येच थांबते. काम कमी झालं तर माणसाने जरा भरावं, ही उलट उतरली आहे. मी म्हटलं, वैद्याचा काढा घे. हसली. स्वतःचे रुमाल वेगळ्या पातेल्यात उकळते. स्वच्छतेचं हे वेड डॉक्टरांनी लावलं.

डॉक्टर हल्ली वरचेवर चहाला येतात. मला वाटायचं माझ्याशी गप्पा मारायला, पण चहा घेतात स्वयंपाकघरात.

१६ फेब्रुवारी

पाहुण्यांची सोय बघणाऱ्या समितीची बैठक झाली. डॉक्टर स्पष्टच बोलले, आजाऱ्यांच्या भरवशावर गाव उभं राहणार नाही. शेजारच्या बंदरात त्यांनी पाहिलं, तिथे धडधाकट माणसं येतात. पोरंबाळं घेऊन. वाळूत बसतात, वाजंत्री ऐकतात, आईस्क्रीम खातात आणि पुढच्या वर्षी भावालाही आणतात. आजारी माणूस दिसला की ती माणसं येत नाहीत. तेव्हा या वर्षीपासून खोकणाऱ्याला खोली नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावर बाकं येणार, फरसबंदी होणार. पत्रक नव्याने लिहायचं. अर्थातच मी.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा कुणी नकाशेवाला वर पडून राहणार नाही.

१८ फेब्रुवारी

मसुदा तयार. हिला वाचून दाखवला. "हा किनारा फक्त निरोगी पाहुण्यांसाठी आहे. खोकणाऱ्यांना येथे प्रवेश नाही." ही भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "'खोकणाऱ्यांना' नको. रुग्णांनी कृपया येऊ नये, असं लिहा. वाचणाऱ्याला तेवढं लागत नाही."

बरोबर आहे. तसंच केलं. इतक्या महिन्यांनी ही माझ्या लिखाणात लक्ष घालते आहे. राग गेला वाटतं.

२१ मार्च

हे कसं लिहू?

काल सकाळी जाळेवालीशी माझं वाजलं. तिने आमच्या कुंपणावर जाळं वाळत टाकलं होतं. मी म्हटलं, पाहुणे यायचे दिवस आले, हा वास चालणार नाही. समितीने ठरवलं आहे. ती शांतपणे जाळं काढू लागली. मग म्हणाली, "समितीने ठरवलंय ते वहिनींचं काय करणार आहात?"

मी विचारलं, हिचं काय?

ती जाळं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल. पण तिचा आवाज एकदम खाली आला. म्हणाली, "काखेत कळसा, मास्तर. अहो, अख्ख्या गावाला दिसतंय. माघातच रक्त पडलं त्यांचं, माझ्या ओट्यावर. मीच धुतलं."

घरात आलो. ही उन्हात बसून चादरींच्या घड्या घालत होती. मी समोर उभा राहिलो. गेल्या सहा महिन्यांत मी हिला नीट पाहिलंच नव्हतं. मनगटं पोरीसारखी झाली आहेत.

"कधीपासून?" मी विचारलं.

हिने चादर खाली ठेवली नाही. "तो होता तेव्हापासूनच असावं. डॉक्टरांना भाद्रपदात दाखवलं."

"मला का नाही सांगितलंस?"

घडी पूर्ण केली. दुसरी चादर घेतली. "शाळा सुटल्यावर दोन वर्षं तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात. जेवा म्हटलं की जेवायचात. मग हे पाहुणे आले आणि तुम्ही घरात येरझाऱ्या घालायला लागलात, एका वाक्यासाठी. म्हटलं, एक हंगाम होऊ दे तुमचा."

मी जवळ बसलो, तर ही हाताने मागे सारत म्हणाली, "तिकडे बसा. वाऱ्याच्या त्या बाजूला."

तिकडेच बसलो. घोरणं, निळा दोरा, रंगकाम. एकेक आठवत होतं आणि एकेकाच्या वेळी मी काय बोललो होतो तेही.

२४ मार्च

मुलीला पत्र लिहिलं. सात वेळा फाडलं. शब्दांचा मला एवढा गर्व, पण 'क्षय' लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं. येऊ नको असं लिहायचं होतं. ते न लिहिता, बाळाला सासूबाईंकडे ठेवून ये, असं लिहिलं.

२ एप्रिल

चादरी आता मी धुतो. ओली चादर इतकी जड असते, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. पिळताना हात सुटला आणि सगळं पाणी अंगावर आलं. ही हसली. हसल्यावर खोकला येतो, म्हणून मग मी विनोद करणं टाळतो. घर फार गप्प झालं आहे.

९ एप्रिल

डॉक्टर आले. आज चहाला आले नव्हते. उभ्याउभ्याच बोलले. परवा पहिली बोट आहे. तीन कुटुंबं आमच्याकडे यायची आहेत, शिवाय आमचं घर अगदी किनाऱ्याच्या रस्त्यावर. ही मागच्या अंगणात बसते ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं, ऐकू येतं. हंगामापुरतं खाडीपलीकडे त्याच घरी राहता येईल. ते स्वतः आठवड्यातून दोनदा येऊन पाहतील. आणि मग म्हणाले, "हवा तिकडची—"



ही आतून ऐकत होती. म्हणाली, जाते मी, त्यात काय. डॉक्टरांवर चाळीस घरांचा भार आहे.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग येण्याइतकीही ताकद नव्हती. मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं की हिला हलवायचं नाही. आमचं घर यादीतून काढा. ते म्हणाले, "मास्तर, मग तुमच्याकडे कुणी म्हणजे कुणी येणार नाही." मी म्हटलं, "नको."

पत्रक माझं होतं, नियमाचं वाक्यही माझंच. कुणावर ओरडणार?

डॉक्टर दाराबाहेर गेले आणि पायरीवर बसले. बराच वेळ बसून होते. मी दार लावलं नाही, आत या असंही म्हटलं नाही.

१२ एप्रिल

काल बोट आली. यावेळी टाळ्या वाजल्या. दोनशेच्या वर माणसं उतरली म्हणतात. रंगीत छत्र्या, वाळूत खेळायच्या बादल्या. वाजंत्री सकाळी दहाला सुरू होते आणि बारापर्यंत तीच चार गाणी वाजवते. कापडाचे व्यापारी यंदा सहकुटुंब आले आहेत. रस्त्यात भेटले. म्हणाले, आता त्या आवाजाशिवाय त्यांना घरी झोप येत नाही. आमच्याकडे खोली मागितली. मी नाही म्हटलं, कारण सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि बाईंना माझा नमस्कार सांगा म्हणाले. बरं वाटलं.

१९ एप्रिल

मुलगी आली आहे, एकटी. आल्यापासून मायलेकी बोलत असतात, एक अंगणात, एक दारात. मी गेलो की थांबतात. मुलीने मला दोष दिला नाही. दिला असता तर सोपं गेलं असतं. स्वयंपाक करते आणि मला भाज्या चिरायला बसवते. माझे तुकडे लहानमोठे होतात. तेच ती शिजवते.

डॉक्टर रोज येतात. आता पुन्हा आत बसतात.

३ मे

आज सकाळी ही म्हणाली, मला पाण्यात जायचं आहे.

मला वाटलं, ताप चढला. पण ताप नव्हता. लग्न होऊन या गावात आली त्याला एकतीस वर्षं झाली. घराच्या मागे चाळीस पावलांवर समुद्र, आणि हिने त्यात पाय घातलेला नाही. सवडच कुठे होती, म्हणाली. शिवाय गावातलं कुणी उगाच पाण्यात जात नाही. मी डॉक्टरांना विचारायला निघालो तर मुलगी म्हणाली, बाबा, विचारू नका.

जाळेवालीला बोलावलं. ती हातातलं काम टाकून आली. आम्ही चौघं निघालो. ही मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी. यावेळी वाऱ्याची बाजू मी पाहिली नाही आणि हिनेही मला ढकललं नाही. फरसबंदीवर पाहुण्यांची गर्दी होती. 'रुग्णांनी कृपया येऊ नये' ही पाटी ओलांडून पुढे गेलो. समितीचा रखवालदार पुढे आला. माझाच विद्यार्थी, भूगोलात कच्चा. त्याने हिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि म्हणाला, "सांभाळून हं बाई, तिथे निसरडं आहे."

वाळूत बसलेली काही माणसं उठून लांब गेली. एकीने मुलाला ओढून घेतलं. मला त्यांचा राग आला नाही. मी लिहिलेलंच त्यांनी वाचलं होतं. एक म्हातारे गृहस्थ मात्र जागचे हलले नाहीत. वर्तमानपत्र वाचत होते, कदाचित त्यांना दिसलंच नसेल.

जाळेवालीने हिला कंबरेशी धरलं. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, बूट काढायचं विसरलो होतो. नेहमीसारखी न विचारता बुडवेल म्हणून मी ओरडणार होतो, पण तिने हिच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. हिने मान हलवली. मग तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसं हळूच तिने हिला खाली घेतलं आणि वर काढलं. एकदाच.

ही डोळे मिटून उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. ओठांवरून जीभ फिरवली. वाजंत्री सुरू होती, पोरं ओरडत होती, तिकडे धक्क्यावर आगबोट लागत होती. हिने एकदा सगळीकडे पाहिलं. म्हणाली,

"एवढ्यासाठी येतात होय लोक?"

जाळेवाली हसता हसता रडायला लागली. मुलगीही. ही हसली, आणि आश्चर्य म्हणजे खोकला आला नाही.

घरी आणलं. केस मी पुसले. मला नीट जमत नव्हतं, गुंता होत होता, पण हिने माझा हात अडवला नाही. मग वरच्या मोठ्या खोलीत झोपवलं. रोज दुपारी दोनला डॉक्टरांच्या सांगण्यावरून थर्मामीटर लावतो आणि आकडा कागदावर लिहितो. आज दोन वाजले, अडीच वाजले. मुलीने थर्मामीटर आणून माझ्या हातात दिला. मी तो परत डबीत ठेवला.

ही झोपली आहे. मी खाटेशेजारी बसून हे लिहितो आहे.